सांगलीत कार्यक्रमाला कॉफीची गाडी बोलवावी का? आमचा अनुभव आणि बुक करताना विचारायच्या गोष्टी

आधी निकाल सांगतो, मग बाकीचं. दोनशेच्या आतबाहेर माणसं असतील, साखरपुडा, बारसं, वास्तुशांत, दुकानाचं उद्घाटन असलं काही असेल तर कॉफीची गाडी बिनधास्त बोलवा, पैसे वसूल आहेत. पण हजार पानांचं लग्न असेल आणि जेवणं उठल्या उठल्या सगळ्यांच्या हातात कप द्यायचा असेल तर एकट्या गाडीच्या भरवशावर राहू नका, पाहुण्यांचे हाल होतात आणि बोल यजमानाला लागतो. गाडीवाल्याचं नाव लिहीत नाहीये, कारण आता सांगली-मिरजेत असे बरेच जण झालेत आणि मला ज्या गोष्टी सांगायच्यात त्या सगळ्यांनाच लागू पडतात.

आमच्याकडं भाचीचा साखरपुडा होता, विश्रामबागच्या बाजूला एका लॉनवर, संध्याकाळचा कार्यक्रम, माणसं पावणेदोनशेच्या घरात. केटररकडं चहा-कॉफी होतीच, पण भाचीचा हट्ट होता की मामा कॉफीची गाडी पायजेच. ताई म्हणाली कशाला उगाच खर्च, दाजी म्हणाले पोरीची हौस आहे करू या, मग ते काम आपसूक माझ्याकडं आलं. मला कॉफीचं वेड आहे हे घरात सगळ्यांना माहीत आहे त्यामुळं मी पण खुशीनं घेतलं.

गाडी म्हणजे लाकडी पट्ट्यांची, दोन मोठ्या चाकांची हातगाडीच, वर दोन हँडलची (हँडल म्हणजे दळलेली कॉफी दाबून भरायची वाटीवाली मूठ) इटालियन पद्धतीची मशीन, शेजारी बिया दळायचा ग्राइंडर, खालच्या कपाटात पाण्याचे वीस लिटरचे दोन जार आणि बॅटरीवर चालणारा छोटा पंप, एक जार चांगल्या पाण्याचा आणि दुसऱ्यात सांडपाणी जमा होतं. एका छोट्या टेंपोतनं आणली, फळी लावून उतरवली आणि ढकलत लॉनवर नेली. दोन पोरं होती, एक मशीनवर आणि एक पुढं ऑर्डर घ्यायला, आणि कार्यक्रमाच्या दीड तास आधी हजर. हे दीड तास महत्त्वाचं आहे बरं का, कारण एवढी मशीन नीट तापायलाच अर्धा तास जातो, मग ग्राइंडर सेट करायचा, दोन-चार शॉट, म्हणजे मशीनमधनं एका वेळी उतरणारी थोडीशी कडक कॉफी, काढून ओतून द्यायचे, तेव्हा कुठं चव बसते. जो गाडीवाला म्हणेल की पंधरा मिनिटं आधी येतो, त्याला तिथंच नको म्हणा.

आता जरा मागचं बोलतो, कारण त्याशिवाय ह्या गाडीची किंमत कळत नाही. आपल्याकडं लग्नात कॉफी म्हटलं की आमच्या वयाच्या सगळ्यांना ती स्टीमवाली मशीनच आठवते, ज्याला आपण एक्स्प्रेसो कॉफी म्हणायचो. मांडवाच्या कोपऱ्यात तो चकचकीत बॉयलर, त्याच्यावर प्रेशरचा काटा, दोन बाजूला दोन नळ्या, आणि मग तो आवाज, सनईवाल्याला गप्प करील असा. तो माणूस कपात कॉफी पावडर आणि साखर आधीच फेटून ठेवायचा, दुधाच्या भांड्यात नळी बुडवली की फस्सकन फेस वर, एकदम दहा-बारा कप भरायचे आणि शेवटी वरनं चॉकलेट पावडरची चिमूट. पोरं त्या पावडरीसाठी परत परत लायनीत लागायची. त्यात कॉफी म्हणजे साधी विरघळणारी पावडर असायची, बिया दळणं वगैरे काही नाही, बॉयलरची वाफ फक्त दूध तापवायला आणि फेसाळायला. पण मी त्या मशीनला कधी नावं ठेवणार नाही. एक माणूस अर्ध्या तासात अख्खी पंगत खूश करायचा, आणि लाइट गेली तरी गॅसच्या शेगडीवर त्याचं काम चालूच.

आणि गंमत बघा, खऱ्या एस्प्रेसोची, म्हणजे दळलेल्या कॉफीतनं दाबानं गरम पाणी ढकलून काढतात त्या कॉफीची, सुरुवात पण गर्दीसाठीच झालेली आहे. इटलीत तुरीनला 1884 साली मोठं प्रदर्शन भरलं होतं, तिथं अँजेलो मोरिओंदो नावाच्या माणसानं वाफेवर चालणारं कॉफीचं यंत्र मांडलं आणि त्याच साली पेटंट घेतलं. ते एकेक कपाचं नव्हतंच, गिऱ्हाइकाला थांबायला लागू नये म्हणून एकदम भरपूर कॉफी काढायचं यंत्र होतं. एकेका कपाची कॉफी गिऱ्हाइकासमोर ताजी काढायची पद्धत नंतरची, मिलानच्या लुइजी बेझेरानं 1901 मध्ये तसं पेटंट घेतलं, आणि 1905 पासून पावोनी कंपनीनं ती मशीन विकायला काढली. पण ती पण वाफेच्याच जोरावर, दाब कमी, कॉफी जळकट लागायची. मग गाजिया नावाच्या माणसानं वाफ बाजूला ठेवून पिस्टन आणला, दुसऱ्या महायुद्धानंतर त्याच्या स्प्रिंगच्या दांड्याच्या मशीन बाजारात आल्या आणि तिथनं पुढं कॉफीवर तो सोनेरी थर, क्रेमा, दिसायला लागला. 1961 मध्ये फाएमा कंपनीची ई-61 आली, त्यात इलेक्ट्रिक पंप, नऊ बारचा दाब, म्हणजे हवेच्या दाबाच्या साधारण नऊपट, हाताचा जोर न लावता. आज सांगलीत गाडीवर जी मशीन दिसते ती ह्याच घराण्यातली.

मशीन हॉटेलातनं बाहेर पडून चाकावर यायला अजून वेळ लागला. अमेरिकेत सिएटलला 1980 साली मोनोरेलच्या स्टेशनाखाली एकानं एस्प्रेसोचा गाडा लावला, तिथनं ही पद्धत पसरत गेली. युरोपात तर ह्या कामासाठी सगळ्यात लाडकी गाडी कुठली असेल तर आपली अ‍ॅपे! पियाजिओनं 1948 साली इटलीत काढलेली तीनचाकी, तिकडं तिच्या मागच्या हौद्याला काउंटर काढून कॉफीबार करतात आणि लग्नाला मिरवतात. तीच अ‍ॅपे इकडं बारामतीच्या कारखान्यात बनते आणि मिरज-सांगली रोडवर वडापला, म्हणजे शेअर सीटच्या भाड्याला, पळते. कुणी पोरगा धंद्याच्या विचारात असेल तर माझं म्हणणं आहे की हातगाडीपेक्षा अ‍ॅपे घे. टेंपोचं भाडं वाचतं, चढउतार करताना मशीनला धक्के बसत नाहीत, आणि बिघडली तर गल्लीतला मिस्त्री पण दुरुस्त करतो.

असो. आता मुद्द्याचं, लाइन.

गाडीवर एका कपाला किती वेळ लागतो हे बुक करताना कुणी विचारतच नाही, सगळे गाडीचा फोटो बघतात. अठरा ग्रॅम कॉफी दळायची, हँडलात दाबायची, पंचवीस ते तीस सेकंद शॉट उतरायला, तेवढ्यात दुसऱ्या हातानं दूध फेसाळायचं, ओतायचं, नळी पुसायची. एक शॉट दोन कपात वाटला आणि पोरगा तयार असला तरी तासाला शंभर-सव्वाशे कप म्हणजे चांगला हात झाला. आता हिशोब करा. पाचशे माणसं जेवून वीस मिनिटांत उठतात. त्यातल्या निम्म्यांना जरी कॉफी पायजे असली तरी शेवटच्या माणसाचा नंबर दोन तासांनी. तो थांबणार आहे का? तो शेवटची एसटी बघणार. आमच्याकडं हे जमलं कारण कार्यक्रम संध्याकाळी साडेपाचला सुरू, मी गाडी साडेचारलाच चालू करायला लावली होती, लोक येतील तसे कॉफी घेत होते आणि जेवणापर्यंत निम्म्या लोकांची एकदा झालेली होती. ज्यांना अजून एक पायजे ते नंतर निवांत आले. म्हणजे कॉफी जेवणानंतर ठेवण्यापेक्षा स्वागताला ठेवा, गाडीचा निम्मा त्रास तिथंच संपतो.

दुसरं, मेनू छोटा ठेवायला सांगा. आमच्याकडं कॅपुचिनो, लाते, कोल्ड कॉफी आणि पोरांसाठी हॉट चॉकलेट, बास. त्या पोरानं बारा-चौदा प्रकारांचं कार्ड पाठवलं होतं, हेझलनट काय कॅरामल काय, मी म्हटलं बाबा एक सिरप ठेव, बाकी सगळं घरी ठेव. माणसं कार्ड वाचत उभी राहतात आणि मागची लाइन तुंबते, एवढं साधं आहे.

लाइटचं तर आधीच बघून घ्या. दोन हँडलची मशीन तीन ते चार किलोवॅट खाते. कार्यालयातला सोळा अँपियरचा मोठा सॉकेट फार तर साडेतीन किलोवॅट देतो, आणि त्याच लाइनवर केटररचे गरम डबे आणि डीजेवाल्याचा खोका लावलेला असला की एमसीबी पडलाच म्हणून समजा. आम्ही आदल्या दिवशी लॉनच्या मॅनेजरला गाठून वेगळी लाइन मागितली, त्यांनी स्टेजच्या मागनं दिली. तरी मधी एकदा लाइट गेली आणि जनरेटर चालू होईस्तोवर मशीन थंड पडायला लागली, तेवढी दहा-पंधरा मिनिटं पोरानं कोल्ड कॉफीवर भागवलं, आधी काढलेले शॉट बर्फाच्या डब्यात ठेवले होते त्यानं. हुशारी म्हणायची. ह्याला पक्का इलाज म्हणजे दांड्याची मशीन, ती स्प्रिंगच्या जोरावर चालते, तापवायला गॅस चालतो, पंपाची भानगडच नाही. परदेशात बरेच गाडीवाले तसलीच वापरतात. आपल्याकडं लोडशेडिंगच्या गावात खरं तर तीच पायजे, पण महाग पडते आणि हात बसायला वेळ लागतो म्हणून इकडं कमी दिसते.

आता दूध, इथं मात्र मी थोडा जास्त बोलणार. आपला जिल्हा दुधाचा, भिलवडीसारखी गावं आपल्याकडं, म्हशीच्या दुधावर वाढलेली आपण माणसं, आपल्या जिभेला पातळ दूध चालत नाही. आणि ह्या मशीनच्या कॉफीची सगळी मजा दुधात आहे. फेस धरून ठेवतात ती दुधातली प्रथिनं, आणि तोंडात जो गुळगुळीतपणा लागतो तो फॅटचा. नुसतं म्हशीचं घेतलं तर फेस जड होतो आणि कॉफी दबते, टोन्ड घेतलं तर फेस भरपूर पण आत दम नाही. आमच्या गाडीवाल्यानं साडेचार टक्के फॅटचं पिशवीचं दूध आणलं होतं आणि मला ते बरोबर वाटलं. दूध बर्फात ठेवलेलं पायजे हे पण बघा, थंड दुधालाच नीट फेस यायला वेळ मिळतो, आणि सांगलीच्या एप्रिल-मेच्या उन्हात बाहेर ठेवलेली पिशवी तासाभरात कामातनं जाते. दोनशे कपाला पंचवीस लिटरच्या आसपास दूध लागतं, म्हणजे बर्फाचा डबा किती मोठा पायजे ते तुम्हीच बघा.

आणि तापमान. मशीनवाले दूध साठ-पासष्ट डिग्रीला थांबवतात, कारण तिथं दूध सगळ्यात गोड लागतं, सत्तरच्या वर गेलं की उकळल्याचा वास येतो आणि फेस बसतो. हे बरोबरच आहे. पण आपल्या थोरल्या माणसांना कॉफी म्हणजे ओठ भाजला पायजे. आमच्या आक्कांनी, म्हणजे ताईच्या सासूबाईंनी, पहिला घोट घेतला आणि कप परत काउंटरवर ठेवला, म्हणाल्या, “बाळा, कोमट हाय रं.” मला वाटलं हा पोरगा आता साठ डिग्रीचं शास्त्र सांगत बसतोय. त्यानं काय केलं, “आज्जी, एक मिनिट थांबा,” म्हणाला, नवीन कप घेतला, मशीनच्या नळाचं कडकडीत पाणी त्यात फिरवून टाकून दिलं, तळाला दोन चमचे साखर घातली, त्याच्यावर शॉट उतरवला म्हणजे साखर तिथंच विरघळली, आणि छोट्या जगमध्ये दूध घेऊन तळहात जगाला लावून धरला. हात धरवेना झाला तरी अजून थोडा वेळ नळी चालू ठेवली आणि मगच ओतलं. आक्कांनी पदरानं कप धरला, दोन घोट घेतले आणि म्हणाल्या, “हां, आता झाली कॉफी. तुजं गाव कुठलं रं?” नंतर अर्धा तास त्या गाडीजवळच खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि येईल त्या बाईला सांगत होत्या की साखर आधी घालाय सांग.

मी हे एवढं सविस्तर लिहितोय कारण गाडीचा रिव्ह्यू म्हणजे शेवटी मशीनवरच्या पोराचा रिव्ह्यू आहे. लाकडी पट्ट्या, पिवळे बल्ब, नावाचा निऑन बोर्ड, हे कुणीपण लावतं. समोरचा माणूस बघून हात बदलणारा पोरगा मिळाला तर ती गाडी घ्या.

ह्याच्या उलटं पण बघितलंय. सांगलीतच एका प्रदर्शनात अशी एक गाडी होती, मशीन चकाचक, पोरांना सारखे टीशर्ट, आणि मी कौतुकानं जवळ गेलो तर ग्राइंडरच्या वरच्या भांड्यात एक बी नाही. कॉफी कुठनं येतेय म्हणून बघितलं तर मागं पडद्याआड प्रीमिक्सचं, म्हणजे कॉफी-दूध-साखरेच्या तयार पावडरीचं, यंत्र, ऑफिसात असतं तसलं, त्यातनं कप भरून पुढं आणायचे आणि वर कोकोनं फूल काढायचं. मला खरंच राग आला. पावडरची कॉफी वाईट म्हणून राग नाही, आपली स्टीमवाली पावडरचीच होती आणि ती उघड्यावर आपल्या डोळ्यादेखत बनायची. दाखवायचं एक आणि पाजायचं एक, आणि पैसे मशीनच्या कॉफीचे घ्यायचे, हे वाईट. म्हणून बुक करताना सरळ विचारा की बी कुठली, भाजलेली तारीख काय. खरा माणूस लगेच पाकीट दाखवतो. आमच्यानं दाखवलं, चिकमगळूरची अरेबिका जातीची बी आणि त्यात थोडी रोबस्टा जातीची, भाजून दोन आठवडे झालेली. रोबस्टा घातली म्हणून नाक मुरडू नका, दुधाच्या कॉफीत तिच्यामुळंच जोर येतो आणि क्रेमा टिकतो, आणि भारतात पिकते त्यातली जास्त कॉफी रोबस्टाच आहे. आपण तर कर्नाटकाच्या वेशीवर बसलोय, मिरजेतनं रेल्वे थेट बेंगळुरूला जाते, एवढ्या जवळ चांगली बी असताना कुणी जुनाट बी वापरत असेल तर तो आळस आहे.

दर म्हणाल तर आम्हाला कपामागे 70 रुपये पडले, किमान दीडशे कपांचे पैसे द्यायचेच, आणि येण्याजाण्याचं वेगळं. केटररची कॉफी ह्याच्या पाव भावात होते हे मला मान्य आहे. पण तिथं थर्मासमधनं येते आणि लोक निम्मी टाकून देतात, इथं टाकलेला कप मला शोधून सापडला नाही. कप मात्र लहान घ्यायला सांगा, दीडशे मिलीचा बास झाला, मोठ्या कपात दूधच जास्त जातं आणि माणूस जेवण कमी करतो, मग केटरर आपल्यावर चिडतो. कप मोजायचं काम घरच्या एका पोराकडं द्या, रिकाम्या कपांच्या चळती मोजल्या की हिशोबाला वाद होत नाही. अन्न परवान्याचं पण विचारा, आमच्या गाडीवाल्यानं एफएसएसएआयचं रजिस्ट्रेशन गाडीला चिकटवलेलंच होतं.

एक गोष्ट मात्र कमी वाटली. कॉफी न घेणारी माणसं आपल्याकडं भरपूर, उपासाच्या बायका, रात्री झोप येत नाही म्हणणारे आजोबा, त्यांच्यासाठी गाडीवर काहीच नव्हतं. ज्या जिल्ह्याच्या हळदीला 2018 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय तिथल्या गाडीवर वाफेवर फेसाळलेलं हळदीचं दूध असायला काय हरकत आहे? मशीन तीच, दूध तेच, फक्त हळद, थोडी मिरपूड, गूळ. पोराला बोललो तर म्हणाला काका करून बघतो, नळी लगेच पुसायला लागेल नाहीतर पिवळी पडेल. स्टेन्सिल ठेवून कोकोनं नवरा-नवरीची अक्षरं काढायची सोय होती, ती मात्र सगळ्यांना आवडली, आणि लहान पोरं त्या कोकोसाठी परत परत लायनीत होती, तेवढं काही बदललेलं नाही.

लग्न डिसेंबरात आहे, नऊशेच्या वर पानं होतील असं दाजी म्हणतायत. माझं ठरलंय, दुपारच्या जेवणाला स्टीमवाला, मिरजेचे एक जण अजून ती मशीन चालवतात त्यांना विचारून ठेवलंय, आणि संध्याकाळच्या रिसेप्शनला हीच गाडी, फक्त ग्राइंडर दोन आणि पोरं तीन आणायची अट घातलीय. ॲडव्हान्स दिलाय.